इंदूआत्याचं प्रस्थान

विमानात मी पहिल्यांदा बसले ती धारवाडच्या आमच्या घराच्या सोप्यात. तीन लाकडी खुर्च्या एकमेकींना चिकटवून ठेवलेल्या, त्यांच्यासमोर आजोबांची काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर आणखी एक ट्रंक, आणि खुर्ची अन् ट्रंक यांच्यामधलं अंतर बरोबर राहावं म्हणून फरशीवर खडूची रेघ. खिडकीकडच्या खुर्चीत मी, बाहेरच्या खुर्चीत माझा थोरला भाऊ अण्णा, आणि मधल्या खुर्चीत, कमरेभोवती साडीचा पदर घट्ट खोचून, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसलेली आमची इंदूआत्या. सकाळचे आठ वाजले होते. आत्यानं सांगितलं, आता संध्याकाळी पाचपर्यंत कुणी उठायचं नाही, फारच लागली तर एकदा मोरीपर्यंत जाऊन यायचं. अण्णानं विचारलं, विमान उडालं हे कळायचं कसं? आत्या म्हणाली, "तुझी बडबड थांबली की उडालं म्हणून समज."

इंदूआत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण आणि आमच्या घरातलं बडं प्रस्थान. लग्न केलं नव्हतं. हुबळीला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची, रोज सकाळी धारवाडहून बसनं जायची आणि संध्याकाळी यायची. फळ्यावर हात न उचलता आफ्रिकेचा नकाशा काढायची, आणि तो खरोखरच आफ्रिकेसारखा दिसायचा. मला ती फार आवडायची. तिच्यासारखं ताठ चालावं, तिच्यासारखं कुणालाही न घाबरता बोलावं, असं मला सारखं वाटे, आणि पहिली गोष्ट तर मी तिच्या मागून चालताना करूनही बघत असे. पण आता ती ताठ चालत नव्हती. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या जिन्यावरून पडल्यापासून तिचा डावा गुडघा बिघडला होता. तासभर पाय दुमडून बसली की तो धरायचा, आणि एकदा धरला की दोन-दोन दिवस पाय जमिनीला टेकवत नसे. त्यातच तिला विलायतेचं बोलावणं आलं. भूगोल कसा शिकवावा याचं सहा महिन्यांचं शिक्षण घ्यायला दूरदूरच्या गावांतले थोडे शिक्षक निवडले होते, त्यांत आत्या होती. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात हजर व्हायचं होतं. तीस वर्षं जगाचा नकाशा शिकवणाऱ्या बाईनं बेळगाव-पुण्यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. ही संधी पुन्हा येणार नाही हे तिला माहीत होतं आणि आम्हालाही.

अप्पा वकील. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला. "इंदू, तुझ्यानं इतके तास बसवणार नाही. परक्या मुलखात चार जणांनी उचलून उतरवायचं, हे बरं दिसतं का?" आत्या वाद घालत बसली नाही. तिनं विमान कंपनीला पत्र लिहिलं: आपल्या विमानातील आसनाची रुंदी किती, समोरच्या आसनापर्यंतचं अंतर किती, पायाखाली सामान ठेवता येतं का, आणि येत असल्यास किती उंचीचं. अप्पा हसले. असल्या पत्राला कोण उत्तर देतं? पण पंधरा दिवसांनी टंकलिखित उत्तर आलं, सगळी मापं इंचांत देऊन. आत्यानं ते पत्र अप्पांच्या ताटाशेजारी ठेवलं आणि शिवणाची टेप घेऊन सोप्यात गेली. त्या दिवसापासून तीन आठवडे आमच्या सोप्यात विमान होतं. आल्यागेल्याला बसायला ओटा.

त्या पहिल्या रविवारचं सगळं मला लख्ख आठवतं. मागच्या गल्लीतली पिठाची गिरणी चालू झाली तशी आत्या खूश झाली. अप्पांचे एक वकीलमित्र दिल्लीला विमानानं जाऊन आले होते, त्यांनी सांगितलं होतं की आत सतत घरघर असते. "बघा, आवाजाचीही सोय झाली," ती म्हणाली. आई स्वयंपाकघरातून ताटली घेऊन यायची आणि अण्णाच्या डोक्यावरून आत्याला द्यायची. आईला या सगळ्याचं काय वाटत होतं ते कळायला मार्ग नव्हता, ती फार बोलायचीच नाही. "वन्सं, पाणी पायजे का?" तिनं विचारलं. आत्या म्हणाली, "असं लगेच देऊ नकोस वहिनी. विमानात वाट बघावी लागते म्हणे. अर्ध्या तासानं दे." आई मान डोलावून गेली आणि बरोबर अर्ध्या तासानं आली. कडक भाकरी पहिल्याच तासात बाद झाली, कारण तिचा आवाज सोपाभर होतो आणि तुकडे मांडीवर सांडतात. भडंगाचा वास अण्णाला दोन खुर्च्यांवरून आला, म्हणजे तेही बाद. शेंगांची पोळी पास झाली: वास नाही, चुरा नाही, आणि अर्धी खाऊन उरलेली पुन्हा गुंडाळता येते. आत्या एकेक गोष्ट वहीत लिहीत होती. तिसऱ्या तासाला गुडघा धरू लागला. चौथ्या तासाला तिच्या कपाळावर घाम आला. साडेचार वाजता तिला आम्ही दोघांनी धरून उठवलं, तेव्हा तिनं ओठ घट्ट आवळून धरले होते. त्या रात्री ती जेवली नाही. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी वहीत नवं पान होतं. आत्याला सापडलेली गोष्ट अशी की पाय नुसता लांब करून भागत नाही, तो दर वीस मिनिटांनी थोडा वर उचलून धरावा लागतो. त्यासाठी तिनं जुन्या लुगड्याचा एक पट्टा केला, दोन्ही टोकं शिवून त्याचा फास केला. तळवा त्यात अडकवायचा आणि वरून हातानं ओढायचं, की बसल्या जागी पाय उचलला जातो. मांडीखाली घ्यायला सावरीच्या कापसाची चपटी उशी, वीतभर रुंद, कारण त्याहून मोठी घेतली की खुर्चीत माणूस मावत नाही. कानांत घालायला कापसाचे बोळे. विमान खाली येताना कानांना दडे बसतात म्हणून चघळायला आवळासुपारी. लोकरीचे मोजे, पातळ शाल, मेणकापडात गुंडाळलेला ओला रुमाल, गुडघ्याला चोळायच्या तेलाची घट्ट बुचाची बाटली. आणि पेन, ते पिशवीला दोरीनं बांधलेलं, कारण खाली पडलं तर वाकून घेता येणार नाही. हल्ली माझी नात विमानाला निघते तेव्हा मानेभोवती घालायची उशी, डोळ्यांवरची पट्टी, कानांतले बोळे हे सगळं एका फोनवर घरपोच मागवते. मी तिला सांगते, आमच्या घरात हे सगळं एका बाईनं खुर्चीत बसून शोधून काढलं. ती हसते. तिला ते खरं वाटत नाही.

पिशवी शिवायला मी आत्याबरोबर हुबळीला दुर्गदबैलाच्या बाजारात गेले होते. हातगाड्यांच्या मधून वाट काढत आम्ही एका ताडपत्री शिवणाऱ्याच्या दुकानात पोचलो. आत्यानं कागदावर काढलेलं चित्र त्याच्यासमोर ठेवलं. नऊ खिसे, प्रत्येकाचं माप वेगळं. तो म्हातारा बराच वेळ कागद उलटासुलटा करत राहिला. "इष्ट किसे याक बेक्री, अक्कार?" त्यानं विचारलं. इतके खिसे कशाला, हे आत्यानं त्याला कानडीत समजावून सांगितलं, गुडघ्यासकट. मग तो गंभीर झाला. त्यानं आत्याला स्टुलावर बसवलं, हात कुठवर पोचतो ते स्वतः मापलं, आणि दोन खिसे जरा वर घेतले. ती पिशवी आली आणि पुढच्या रविवारी आत्या नऊ तास बसली. पाच वाजता ती कुणाचा हात न धरता उठली, ओट्यापर्यंत गेली आणि परत आली. अप्पा ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला, चष्मा काढला आणि म्हणाले, "बरं. जा मग." आत्यानं मागं वळून आधी आईकडे पाहिलं हे मला आज आठवतं. तेव्हा मी त्याचा काही अर्थ लावला नव्हता.

आता प्रस्थानाचं सांगायला हवं, कारण आजकालच्या मुलांना तो शब्द फक्त आत्यासारख्या बड्या माणसांची थट्टा करण्यापुरता माहीत असतो. निघायचा दिवस चांगला नसेल तर आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी प्रवाशाची एखादी वस्तू घराबाहेर काढून शेजाऱ्याकडे ठेवायची. म्हणजे प्रवास त्या चांगल्या दिवशीच सुरू झाला असं धरतात. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. त्या वस्तूनं पुन्हा घराचा उंबरा ओलांडायचा नाही. माणसानं निघताना वाटेत ती उचलायची. आत्याची गाडी गुरुवारी होती आणि त्या दिवशी अमावास्या. आईनं पंचांग पाहून मंगळवार काढला आणि सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ असं फडक्यात बांधून आत्यापुढं ठेवलं. आत्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण आईचं मन मोडायला नको म्हणून ती म्हणाली, "ठेवायचंच तर खरं ठेवू की वहिनी. सुपारीला थोडंच विलायतेला जायचंय? माझी पिशवीच ठेव." आई जरा घुटमळली. "पिशवी राहू दे की वन्सं. ऐनवेळी काय घालायचं राहिलं असलं तर?" "काही राहिलेलं नाही," आत्या म्हणाली. तिची वही बंद झाली होती. मंगळवारी मी ती पिशवी शेजारच्या हिरेमठांकडे नेऊन दिली. हिरेमठांच्या अव्वांनी, म्हणजे आजींनी, ती देवघरातल्या कोनाड्याखाली ठेवली आणि तिला हळदकुंकू लावलं.

गुरुवारी दुपारच्या गाडीनं मिरज, तिथं गाडी बदलून मुंबई, असा बेत होता. साडेदहाला मी पिशवी आणायला गेले. हिरेमठांच्या दाराला कुलूप. समोरच्या घरातली बाई अंगण झाडत होती. ती म्हणाली, पहाटे कलघटगीहून निरोप आला, त्यांचे व्याही गेले. सगळं घर पहिल्या बसनं गेलं. किल्ली त्यांच्याबरोबर. मी धावत परत आले आणि सोप्यात उभी राहून सांगितलं. मग अण्णा म्हणाला, "मी कुलूप तोडतो." अप्पा म्हणाले, "दुखवट्याच्या घराचं कुलूप? त्यांच्यामागं? अण्णा, आपण शेजारी आहोत." इंदूआत्या मधल्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. तिचा पासपोर्ट, तिकीट पर्समध्ये होतं, मोठी बॅग दाराशी होती, पण ती पिशवी नाही म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या रविवारचे तिचे आवळलेले ओठ आम्ही पाहिले होते. "तशीच जाते," ती म्हणाली, पण आवाज तिचा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी आत्याला घाबरलेली पाहिली आणि मला रडू आलं.

तेवढ्यात आतून काहीतरी फाडल्याचा आवाज आला. मी स्वयंपाकघरात गेले तर आई फरशीवर बसली होती. तिनं स्वतःची उशी विळीवर उसवली होती आणि कापूस उपसून मांडीवर घेतला होता. शेजारी तिचं हिरवं इरकली लुगडं, त्याचा काठ टरकावून काढलेला. ते तिला माहेरून आलेलं चांगलं लुगडं, सणाला नेसायचं. "बघत काय उभी राहतीस गं," ती म्हणाली, "अण्णाची एनसीसीची खाकी पिशवी आण. त्याच्यात खिसे आहेत. माझ्या पेटीतली शाल आण. आवळासुपारी वरच्या फळीवर, डाव्या हाताला." मी पळत होते आणि ती सांगत होती. एकदाही थांबली नाही, एकदाही आठवावं लागलं नाही. शिवताना सुई बोटात गेली तर बोट तोंडात घालून पुन्हा शिवू लागली. तेल तिनं औषधाच्या बाटलीत भरलं आणि बुचाला मेण लावलं. पेनाला दोरी बांधली. अप्पांच्या लोकरीच्या मोज्यांना टाचेशी भोक होतं, ते तिनं चार टाक्यांत बुजवलं. कालच्या शेंगांच्या पोळ्या होत्याच.

आत्या दारात येऊन कधी उभी राहिली ते आम्हाला कळलं नाही. ती खाकी पिशवी भरताना बघत होती, आणि बघता बघता तिच्या चेहऱ्यावर तिचा शाळेतला चेहरा परत आला, मुलगी फळ्यावर नकाशा काढत असताना असायचा तो.

"वहिनी, पट्टा उजवीकडच्या खिशात का घातलास? माझा डावीकडं होता."

"डावीकडं असला की पाय उचलताना कोपर शेजारच्याला लागतं," आई मान वर न करता म्हणाली.

"आणि मोजे सगळ्यात वर?"

"पाय पहिल्यांदा गार पडतात. उशीच्या आधी. दोन तासांतच पडतात."

"तुला कसं कळलं हे?"

आईनं गाठ मारून दोरा दातानं तोडला. मग म्हणाली, "तुम्ही सगळे बाहेर गेल्यावर दुपारची बसत होते मी. तुमची पिशवी घेऊन. तशीच्या तशी परत ठेवत होते हं वन्सं, काही हलवलं नाही."

"किती वेळ बसलीस?"

"कधी तास, कधी दोन तास. एकदा साडेचार तास बसले." आई जरा हसली, चोरी पकडल्यासारखी. "मग दूधवाला आला, म्हणून उतरावं लागलं. त्याच्या पुढचं मला ठाऊक नाही. तिथवर मी गेलेच नाही."

मी तीन आठवडे त्या सोप्यातून जात-येत होते. आई खुर्च्यांभोवतीनं केर काढायची, खडूची रेघ पुसू द्यायची नाही, एवढंच मी पाहिलं होतं. दुपारच्या रिकाम्या घरात, गिरणीच्या घरघरीत, मांडीवर पिशवी घेऊन माझी आई एकटी कुठं कुठं जाऊन येत होती याची मला गंधवार्ता नव्हती. मी आयुष्यभर इंदूआत्याचं कौतुक करत आले आणि ते खोटं नव्हतं. पण त्या दिवशी स्वयंपाकघरात उभं असताना मला आईची जी थोरवी वाटली, तिच्यापुढं बाकी सगळं फिकं पडलं, आणि माझं इतके दिवस तिच्याकडं लक्षच नव्हतं याची लाज वाटली ती अजून गेलेली नाही. आत्या खाली वाकू शकत नव्हती. ती भिंतीला धरून हळूहळू फरशीवर बसली, गुडघ्याची पर्वा न करता, आणि आईच्या मांडीवरचा कापूस वेचून छोट्या उशीत भरू लागली. अप्पा बाहेरून वेळ झाली, वेळ झाली म्हणत होते. निघताना आईनं तिच्या हातावर दही घातलं आणि खाकी पिशवी खांद्याला अडकवली. "इर्ली बिडरी," कानडीत पुटपुटली, असू दे, असू दे, कारण आत्याचे डोळे भरले होते. हिरेमठांच्या कुलूपबंद दारासमोरून आम्ही स्टेशनाकडे गेलो. आत्याची नऊ खिशांची पिशवी तिच्या आधी निघाली होती आणि शेजारच्या घरापुढं गेली नव्हती.

नंतरचे दिवस वाईट गेले. फोन नव्हता, तार फक्त पोचल्याची आली, त्यात गुडघ्याबद्दल शब्द नव्हता. आई काही विचारत नसे, पण पोस्टमनच्या वेळेला तिचं काम ओट्याजवळ निघायचं. अखेर पत्र आलं. आमच्याकडं पत्रांची एक रीत होती. आईचं शिक्षण कानडी चौथीपर्यंत. मराठी ती बोलायची, पण आत्याचं आणि इतर सासरच्या मंडळींचं घाईचं देवनागरी अक्षर तिला लागत नसे. त्यामुळं पत्र अप्पांच्या नावावर यायचं, अप्पा ते झोपाळ्यावर बसून मोठ्यानं वाचायचे, मधेच एखाद्या ओळीला थांबून ती मनात वाचायचे, हं म्हणायचे आणि पुढं जायचे. आई उभी राहून ऐकायची. ती ओळ काय होती हे तिनं कधी विचारलं नाही.

हे पत्र आईच्या नावावर होतं. तिनं ते उघडलं आणि बराच वेळ बघत राहिली. मी खांद्यावरून डोकावले. भाषा मराठी, पण अक्षर कानडी. इंदूआत्यानं चार पानं मराठी एकेक अक्षर सुटं, पोरांच्या पाटीवर काढतात तसं गोल, कानडी लिपीत लिहिलं होतं. पहिली ओळ आईनं बोट ठेवून वाचली आणि मीही वाचली: "वहिनी, मी माझ्या पायांनी जिना उतरले. तू दूधवाल्यासाठी उतरलीस, त्याच्या पुढचं आता सांगते."

आईनं पत्राची घडी केली, पदराला डोळे पुसले, मग घडी पुन्हा उघडली आणि झोपाळ्यावर जाऊन बसली. त्याआधी ती झोपाळ्यावर अप्पांच्या देखत कधी बसल्याचं मला आठवत नाही. अप्पा कोर्टाचे कागद घेऊन समोर उभे होते. "ऐका," ती म्हणाली आणि मोठ्यानं वाचू लागली. पाचव्या तासाला काय झालं, सहाव्या तासाला खिडकीतून काय दिसलं, पट्टा उजवीकडं असल्यानं शेजारच्या बाईला कोपर कसं लागलं नाही. अडखळत, एकेक शब्द जुळवत, पण थांबत नव्हती. अप्पा कागद खाली ठेवून ऐकत होते. तिसऱ्या पानाच्या मध्यावर ती थांबली. ओठ हलले, पण आवाज आला नाही. ती हसली, आणि पान उलटलं.

"काय लिहिलंय तिथं?" अप्पांनी विचारलं.

"ते आमच्यापुरतं आहे," आई म्हणाली, आणि पुढं वाचू लागली.